चावीचा दिवा लुकलुकला म्हणून लगेच ईसीएम बदलू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, सेल्फ जोरात मारते पण इंजिन पकडत नाही, मीटरवरचा चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो, चार-पाच वेळा चावी काढून घातली की कधीतरी चालू होते. आणि गॅरेजवाल्याने ‘ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलंय, 38 हजार लागतील’ म्हणून सांगितलंय.

पैसे देऊ नका, निदान इतक्यात तरी नाही. तुमच्याच वाक्यात अर्धं उत्तर आहे. ‘कधीतरी चालू होते’ याचा अर्थ ईसीएमला तुमची चावी अजून ओळखीची आहे. त्याच्या मेमरीतून चावी पुसली गेली असती, तर पाचव्या वेळीच काय, पन्नासाव्या वेळीही गाडी चालू झाली नसती. ओळख आहे, पण ती पटवून देणारा निरोप कधी पोचतोय, कधी वाटेत अडकतोय. म्हणजे शोध वाटेत घ्यायचा. मी कोल्हापुरात बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. चावीच्या भानगडीत ईसीएम खरोखर मेलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा 2019 च्या पुरात बुडालेल्या होत्या.

या सगळ्या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात, चावी ओळखल्याशिवाय ती इंजिन चालू होऊ देत नाही. ही वाट कशी आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते, तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते. इग्निशन ऑन केलं की ही रिंग साधारण 125 किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्याच्यावरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. बहुतेक गाड्यांत नुसत्या नंबरावर भागत नाही. गाडी एक कोडं घालते आणि चिपला त्याचं बरोबर उत्तर द्यावं लागतं. जुळलं तर ईसीएम इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाला, परवानगी देतं. हे सगळं तुम्ही चावी सेल्फपर्यंत फिरवायच्या आत उरकतं.

आता रिमोट. दहातले आठ जण इथे फसतात. ‘लॉक-अनलॉक होतंय, म्हणजे चावी चांगली आहे’ हे म्हणणं चुकीचं. रिमोट वेगळा, त्याला बटन सेल लागतो, आपल्याकडे तो साधारण 433 मेगाहर्ट्झवर चालतो. चिपचा आणि त्याचा संबंध एकाच प्लास्टिकमध्ये राहण्यापुरता. तेव्हा रिमोटचा सेल बदलून हा दोष जाणार नाही. (ज्या गाड्या बटन दाबून चालू होतात त्यांचं गणित वेगळं, तिथे सेल संपला की गाडी खिशातली चावी खरंच ओळखत नाही. तुमची तशी नाही.)

पहिली तपासणी फुकट आहे: दुसरी चावी. आपल्याकडे ती आरसी बुकाबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये असते आणि दहा-दहा वर्षं कुणी तिला हात लावत नाही. ती आणा. पण एकदा गाडी चालू झाली की लगेच निकाल लावू नका. दोन्ही चाव्यांनी वीस-वीस वेळा, थंड इंजिनवर आणि गरम इंजिनवर, करून बघा आणि कागदावर लिहा. दुसरीने वीसच्या वीस वेळा चालू झाली, पहिलीने बारा वेळा, तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींचा हिशेब सारखाच वाईट आला तर चाव्या निर्दोष, गाडीकडे बघायचं.

हे करताना चावी एकटी घ्या, जुडग्यातून काढून. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, त्यांची गाडी सोमवार ते शनिवार त्रास द्यायची आणि रविवारी कधीच नाही. आम्ही दोन आठवडे वायरिंग धुंडाळलं. शेवटी लक्षात आलं की ऑफिसचं हजेरीचं कार्ड त्यांनी चावीलाच अडकवलं होतं आणि रविवारी ते घरी ठेवून फिरायचे. दारावर टेकवायची अशी बरीच कार्डं त्याच 125 किलोहर्ट्झवर बोलतात. रिंगेसमोर दोघं एकदम बोलायला लागले की गाडीला एकाचंही नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी त्याच जुडग्यात असली तरी हेच होतं.

चावीतच दोष निघाला तर एकच विचारतो: मधल्या काळात चावीचं कव्हर बदललं का? बाजारात दोन-अडीचशे रुपयांत नवं कव्हर मिळतं, दुकानदार पातं आणि रिमोटची पट्टी इकडची तिकडे करतो, आणि तांदळाएवढी काचेची किंवा काळ्या पाचरीसारखी चिप जुन्या कव्हरात राहते किंवा नव्यात सैल बसते. चिप पूर्ण राहून गेली असती तर गाडी अजिबात चालू झाली नसती. तुमची अधूनमधून होते, तेव्हा सैल किंवा तडकलेल्या चिपचा संशय जास्त. काही चाव्यांत चिप रिमोटच्या पट्टीवरच झाळलेली असते, तिथे झाळ सुटते. उन्हात तापलेली चावी चालत नाही आणि गार झाली की चालते, असं असेल तर झाळच धरा.

चाव्या निर्दोष निघाल्या तर आधी बॅटरी. सेल्फ जोरात मारते म्हणून बॅटरी चांगलीच, असं समजू नका. मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओम मोजणारं यंत्र) लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. बसल्या जागी 12.4 व्होल्टच्या वर हवी आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जायला नको. खाली गेली की काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स मध्येच रीसेट होतं आणि चावीची ओळखच अर्धवट राहते. पण तुमचा दिवा सेल्फ मारायच्या आधीपासून, नुसत्या इग्निशनवर लुकलुकत असेल, तर बॅटरीवर संशय कमी होतो. हे तुम्ही लिहिलेलं नाही, बघून सांगा. बॉनेट उघडलंच आहे तर बॅटरीखालची अर्थिंगची पट्टीही बघा. पावसाळ्यात तिथे हिरवा थर चढतो, कोकणातल्या गाड्यांत तर हमखास.

मग येते ती रिंग. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढलं की लॉकभोवती ती दिसते. काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, दहा मिनिटं थांबा, आणि पिवळ्या कपलरला हात लावू नका, ते एअरबॅगचं आहे. रिंगेला दोनच तारा असतील तर ओम (तारेचा विद्युत रोध) मोजता येतात. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा निराळा, तो वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा. आपल्याला बघायचंय ते हे की सर्किट उघडं, म्हणजे तार कुठे तुटलेली, नाही ना, आणि तार हलवली, स्टिअरिंग वरखाली केलं की आकडा नाचतो का. नाचला, तर 38 हजारांचा दोष काहीशे रुपयांत सापडला म्हणायचं. चार तारा असतील तर आत छोटं सर्किट आहे, तिथे ओम मोजू नका, सप्लाय आणि अर्थिंग येतं का एवढंच बघा. चावी बनवणाऱ्यांकडे एक एलईडीचं कार्ड असतं, ते रिंगेजवळ धरून इग्निशन ऑन केलं आणि क्षणभर चमकलं तर रिंग क्षेत्र सोडतेय.

गंमत बघा, 1986 मध्ये अमेरिकेत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला पहिल्यांदा अशी चावी आली तेव्हा पात्यात नुसता एक रेझिस्टर (ठरावीक ओमचा बारीक रोधक) होता, ओमच्या पंधरा ठरलेल्या आकड्यांपैकी एकाचा. मल्टीमीटर लावला की चावी तपासून व्हायची. आणि तिथेही चावीपेक्षा जास्त त्रास दिला तो लॉकला येणाऱ्या बारीक तारांनी, चावी फिरवून फिरवून त्या तुटायच्या. तंत्र बदललं, पण तार तुटायची जागा तीच राहिली.

तारांवरून आठवलं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाने जीपीएस, अलार्म किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना इग्निशनची तार सोलून कुठे जोड मारलाय का ते बघा. काही ट्रॅकरमध्ये इंजिन बंद करणारा रिले असतो. तो बिघडला तर गाडी बंद पडते, पण चावीचा दिवा नियमाप्रमाणे विझतो. दिवा विझला आणि तरी इंजिन पकडलं नाही, तर चावीचा नाद सोडून टाकीतला पेट्रोल पंप आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) यांच्याकडे जायचं. आणि घर शेताजवळ असेल तर उंदीर विसरू नका.

स्कॅनर मी मुद्दाम शेवटी घेतला. पाचशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र इंजिनचे कोड दाखवतं, P0513 म्हणजे ‘चुकीची चावी’ एवढं कदाचित सांगेल, पण चिपचं उत्तर आलंच नाही की आलं ते चुकीचं होतं, हा फरक बहुतेक वेळा सांगणार नाही. तो कळायला इमोबिलायझर युनिट उघडणारा स्कॅनर हवा. उत्तरच येत नसेल तर चिप, रिंग किंवा तार. चुकीचं येत असेल तर मेमरी, आणि मगच ईसीएमचं नाव काढायचं.

कुणी ‘चाव्या पुन्हा शिकवून (गाडीच्या मेमरीत नव्याने नोंदवून) बघू’ म्हणालं तर दोष सापडेपर्यंत नकार द्या. बऱ्याच गाड्यांत शिकवताना जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि नेमकी त्याच वेळी रिंगेने दगा दिला की आतापर्यंत कधीतरी चालणारी गाडी टोचन करून न्यावी लागते. शिकवायचंच झालं तर दोन्ही चाव्या हजर हव्यात. दुसरी चावी रिंगेला चिकटवून टाकण्याचा जुगाडही कुणी सुचवेल. मग कुठलंही साधं पातं घालून गाडी कुणीही नेईल, आणि चोरीचा क्लेम करताना विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते तेव्हा तुम्ही काय दाखवणार?

उद्या बँक उघडली की लॉकरमधली चावी आणा, वीस-वीसचा हिशेब इथे लिहा, आणि दिवा सेल्फच्या आधी लुकलुकतो की नंतर तेही. रिंग उघडायची की नाही ते त्यावरून ठरवू.