डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी उशिरा उचलते. दोष टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) की गिअरबॉक्सचा?

बहुतेक वेळा दोघांचाही, पण जास्त जाणवतो तो गिअरबॉक्सचा उशीर. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारी ऑटोमॅटिक, डिझेल वाचवायला वरच्या गिअरमध्ये 1300 ते 1500 आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) रेंगाळते. तिथे एक्झॉस्टचा जोर कमी, त्यामुळे टर्बोला दाब भरायला वेळ लागतो; त्यातच पाय दाबल्यावर गिअरबॉक्स आधी लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून ठेवणारा) सोडतो आणि मग गिअर खाली घेतो. ओळखायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर धरा आणि 2000 आरपीएमला पाय दाबा. लगेच उचलली तर उशीर गिअरबॉक्सचा. म्हणून घाटात ट्रक ओलांडायच्या आधीच एक गिअर खाली घ्या. ओव्हरटेकला लेनबाहेर निघाल्यावर घेऊन उपयोग नाही. स्पोर्ट मोडही साधारण हेच करतो, फक्त डिझेल जास्त पितो. एएमटीची (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) गोष्ट वेगळी, तिथे क्लच सुटून पुन्हा लागेपर्यंतचा खंड कुठल्याच मोडने पूर्णपणे जात नाही. मात्र उशीर अलीकडेच वाढला असेल आणि सोबत काळा धूर किंवा बॉनेटखालून हवा सुटल्याचा आवाज असेल, तर आधी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज आणि त्याचे क्लॅम्प बघा. ते तपासल्याशिवाय टर्बो बदलायला हो म्हणू नका.