राहू-केतू, क्वार्क आणि स्ट्रिंग थिअरी

प्रश्न: पणजीला फिजिक्सवरचं एक व्याख्यान ऐकलं, वक्ते तासभर स्ट्रिंग थिअरी (सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं, असं मानणारी) आणि अनेक विश्वांवर बोलले, शेवटी कोणीतरी विचारलं हे दिसलंय का, तर म्हणाले नाही, बहुतेक दिसणारही नाही. मी रिटायर्ड सायन्स मास्तर, पत्रिकेवरून आमच्या भटजींशी नेहमी वाद घालतो, आता तेच विचारतात की माझे राहू-केतू थोतांड, मग तुमच्या स्ट्रिंग थिअरीची दहा डायमेन्शनं काय? काय सांगू? – एक वाचक, फोंडा

उत्तर: मास्तर, आधी राहू-केतूंचंच बघू. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू, आकाशात तिथे काही नसतं, तरी त्यांच्यावरून ग्रहणाची वेळ काढता येते. तेच नोकरी-लग्नाला लावले की चुकले तरी चुकले असं कधी म्हणताच येत नाही, घोळ तिथे आहे, दिसण्या-न दिसण्यात नाही.

क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्या आतले कण, पण सुटा क्वार्क तरी कोणाला कुठे सापडलाय? थिअरीच म्हणते सापडणार नाही. पण 1968 च्या सुमारास स्टॅनफर्डला प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारले तर ते वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा मोठ्या कोनात उसळले, आत बारीक काहीतरी आहे हे मानावंच लागलं.

न्यूट्रिनोची गोष्ट तर भारीच. बीटा डिकेमध्ये, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, एनर्जीचा हिशेब जुळत नव्हता म्हणून 1930 मध्ये पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने एक न दिसणारा कण सुचवला, तेही पत्रातून, कारण मीटिंगच्या वेळी झुरिकला नाच होता आणि साहेबांना तिकडे जायचं होतं! ही दुकानातली उधारीच म्हणा, पण वहीत आकडा लिहिलेली. ती फिटली 1956 मध्ये. राइन्स आणि कोवन यांनी अमेरिकेत सव्हाना रिव्हरच्या रिॲक्टरजवळ पाण्याच्या टाक्या ठेवल्या, पाण्यात कॅडमियमचा क्षार, न्यूट्रिनो (काटेकोर बोलायचं तर अँटिन्यूट्रिनो) प्रोटॉनवर आपटला की पॉझिट्रॉनमुळे (इलेक्ट्रॉनचा धन भार असलेला जुळा) लगेच एक चमक, मग सुटलेला न्यूट्रॉन भटकत जाऊन कॅडमियमला चिकटला की काही मायक्रोसेकंदांनी दुसरी. जोडीने येणाऱ्या ह्या दोन चमका, रिॲक्टर बंद केला की कमी होणाऱ्या, कण स्वतः कोणी पाहिलाच नाही.

उलट आपल्या नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉयलबरोबर जिची बाजू लढवली ती स्थिर-स्थिती थिअरी बघा, विश्वाला सुरुवातच नाही म्हणणारी, 1965 मध्ये मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी, म्हणजे बिग बँगची उरलेली ऊब, सापडली आणि बहुतेकांनी ती सोडली. हरली, पण सायन्स होती, कारण हरू शकत होती.

आता स्ट्रिंग. तिचा पसारा मीटरच्या दहाचा उणे 35 वा घात एवढ्या आकारावर, आणि 27 किलोमीटर घेराचं एलएचसी (जिनिव्हाजवळचं कणांची टक्कर घडवणारं यंत्र) सुद्धा साधारण उणे 19-20 च्या आसपास पोचतं, म्हणजे पंधरा-सोळा शून्यांची खाई. निव्वळ लांब आहे म्हणून मी तिला दोष देणार नाही, गणित दमदार आहे, संशोधन चालू दे. खटकतं ते दुसरंच. स्ट्रिंगवाल्यांना हवी असलेली सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो ही कल्पना, तिचे कण एलएचसीत मिळतील असं कितीतरी जण म्हणत होते, नाही मिळाले, तर म्हणे कण जास्त जड असतील. असं कितीदा सरकवायचं? अनेक विश्वांना तर, ज्यांच्याशी आपला कधीच संबंध येणार नाही अशांना, मी सध्या तत्त्वज्ञानाच्या कपाटात ठेवतो. एलिस आणि सिल्क या दोघा विश्वशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात हीच तक्रार केली होती, त्यावरून पुढच्या वर्षी म्युनिकला चर्चासत्र झालं, एकमत काही झालं नाही.