सरासरी नंतर, आधी दाणे दाखव

लेकरा,

तुझी एक्सेल शीट काल रात्रीच उघडली होती पण लाईट गेली, मोबाईलवर काही नीट दिसेना, म्हणून सकाळी चहा घेत परत बघितली. तेलाच्या विहिरीतली अकरा सॅम्पल, प्रत्येकापुढं एक आरओ (खडकातल्या व्हिट्रिनाइटच्या, म्हणजे जुन्या लाकडाच्या दाण्यांवरून किती टक्के उजेड परत येतो; खडक जितका शिजलेला तितका आकडा मोठा), आणि खाली तुझा प्रश्न, सर हे ऑइल विंडोत, म्हणजे तेल तयार होण्याइतकं शिजलेल्या टप्प्यात, येतंय ना? अगं मी कसं सांगू, तू मला दाण्यागणिक आकडे न देता सरासऱ्या पाठवल्यात. ०.६ ते १.३ मध्ये आकडा बसला की तेल, हे तर गूगल पण सांगतंय, त्याला मी कशाला पाहिजे.

आधी हे सांग, सॅम्पल कोर आहे (अख्खा कापून काढलेला खडक) का कटिंग्ज (ड्रिलिंगचा भुगा)? तू लिहिलंच नाहीस म्हणजे कटिंग्जच असणार. आता आपल्याकडं बोअर मारताना तू बघितलंच असशील, गाडी चारशे फुटावर गेलेली असते, काळ्या दगडाचा भुगा उडत असतो आणि मधूनच वरचा तांबडा मुरूम येतो, कारण बाजूची भिंत ढासळलेली असते. तेलाच्या विहिरीत पण हेच होतं, वरच्या थरातलं ढासळून ड्रिलिंगसाठी सोडलेल्या चिखलाबरोबर फिरत फिरत वर येतं आणि पिशवीवर खोली लिहिलेली असते २१४० मीटर. त्यातला कमी शिजलेला दाणा तू मोजलास की सरासरी खाली. म्हणून केसिंग, म्हणजे विहिरीत बसवलेला लोखंडी पाईप, कुठपर्यंत आहे ते विचारून घे. केसिंगच्या बुडाच्या लगेच खालचे सॅम्पल त्यातल्या त्यात चोख असतात, तिथून जसजसं खोल जाशील तसतसा कचरा परत वाढत जातो.

उलटं पण होतं बरं. जुना खडक झिजून त्यातला व्हिट्रिनाइट नदीनं वाहून आणून नव्या शेलमध्ये (चिकणमातीच्या खडकात) टाकलेला असतो, त्याची आरओ आधीच चढलेली. म्हणजे एकाच पेलेटमध्ये (भिंगाखाली ठेवायला राळेत बसवून घासलेल्या चुऱ्याच्या गोळीत) तीन पिढ्या नांदायला लागतात आणि तू तिघांच्या वयाची सरासरी काढून म्हणायलीस की घरातला माणूस चाळीस वर्षांचा आहे.

हे मी उगं नाही सांगत, माझं तोंड भाजलेलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक सॅम्पल आलं, हिस्टोग्रामला दोन उंचवटे, एक ०.३५ च्या आसपास आणि एक ०.८५ ला. मला घाई, वरून फोनावर फोन, मी सगळे पन्नास रीडिंग एकत्र करून ०.६० लिहून दिलं आणि सही पण ठोकली. मॅच्युरिटीच्या मॅपवर तो ठिपका बरोब्बर तेलाच्या उंबऱ्यावर बसला, सगळे खूश. सहा महिन्यांनी मड रिपोर्ट (त्या चिखलात काय काय टाकलं त्याची नोंद) हातात आला तर ड्रिलिंगच्या चिखलात लिग्नाइट (कच्चा कोळसा) टाकलेलं! खालचा उंचवटा सगळा त्या पोत्यातल्या लिग्नाइटचा होता. ०.६० चा एक पण दाणा त्या पेलेटमध्ये नव्हता, तो आकडा मी तयार केलेला होता. तेव्हापासून मी मड रिपोर्ट बघितल्याशिवाय मायक्रोस्कोपचा दिवा लावत नाही. लिग्नाइट, लिग्नोसल्फोनेट, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा, काय काय टाकतात लोक, आणि हे सगळं झाडाचंच, भिंगाखाली बेमालूम मिसळतं.

तर सगळ्या अकरा सॅम्पलचे हिस्टोग्राम काढ. तुझ्या शीटमध्ये ७ नंबरला रीडिंग किती माहितीय? सहा. सहा रीडिंगवर आरओ दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायची म्हणजे धाडसच आहे. वीसच्या खाली असलं की मी आकडा कंसात लिहितो, पन्नास मिळाले तर बरं वाटतं. पण ४ नंबरचं बघ, पन्नास रीडिंग आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचं विखुरलेपण) ०.०१. सगळे खूश होतील, मला मात्र तिथंच पाल चुकचुकली. शेलमधले दाणे इतके शिस्तीत वागत नाहीत, मोजणाऱ्यानं आधी मनात आकडा धरला आणि त्याला जुळणारेच दाणे वेचले असं वाटायलंय. ०.७ च्या आसपास ०.०५ ते ०.०८ विखुरलेलं असलं तर मी समजू शकतो.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि इथं भले भले घसरतात. करडा दिसला म्हणून व्हिट्रिनाइट होत नाही. सॉलिड बिट्युमेन, म्हणजे खडकात घट्ट झालेलं डांबरासारखं तेल, ते पण करडंच दिसतं. व्हिट्रिनाइटच्या दाण्याला स्वतःची कड असते, लाकडाचा तुकडा होता ना तो, बिट्युमेन मात्र पाण्यासारखं भोकात शिरून बसतं, कॅल्साइटच्या स्फटिकांमधल्या सांदीत त्या सांदीचाच आकार घेतं. हे कळायला खडक अख्खा पाहिजे. तुमच्या लॅबमध्ये आम्लात खडक विरघळवून नुसतं केरोजेन (खडकातला सेंद्रिय भाग) पेलेटमध्ये घालतात, मोजायला दाणे भरपूर मिळतात खरं पण कोण कुठं बसलेला होता हा पुरावाच वाहून जातो. होल रॉकचा एक तरी पेलेट करून घे, भांडावं लागलं तरी भांडून घे. जेकबचं १९८९ चं समीकरण आहे, बिट्युमेनच्या रिफ्लेक्टन्सला (आरओसारखाच मोजलेला आकडा) ०.६१८ नं गुणायचं आणि ०.४० मिळवायचे. बिट्युमेन ०.५० असलं तर व्हिट्रिनाइट येतं ०.७१. म्हणजे बिट्युमेनला व्हिट्रिनाइट समजून ०.५० लिहिलंस तर तेल देणारा खडक तू कच्चा ठरवलास.

मरीन (समुद्रातला) शेल असेल, हायड्रोजन इंडेक्स (सेंद्रिय भागात हायड्रोजन किती त्याचा आकडा) जास्त असेल, तर खरा व्हिट्रिनाइट पण आरओ कमी दाखवतो, त्याला सप्रेशन म्हणतात, वाचलं असशील. आणि डेव्होनियन काळाच्या आधीचा खडक असला तर व्हिट्रिनाइट शोधूच नको, जमिनीवर लाकूडच नव्हतं तेव्हा. तरी पण लोक त्याहून जुन्या कँब्रियनच्या शेलची आरओ छापतात, कामून ते त्यांनाच माहीत.

टीमॅक्स (खडक तापवताना ज्या तापमानाला सगळ्यात जास्त तेल-वायू सुटतो ते, सेल्सियसमध्ये) तुझ्याकडं आहे, तो शेजारी लाव. आरओ येते ०.०१८ गुणिले टीमॅक्स वजा ७.१६, हे ढोबळ आहे, टाईप दोन केरोजेनच्या, अमेरिकेतल्या बार्नेट शेलवरून आलेलं, पण ताडून बघायला चालतं. तुझ्या ९ नंबरला टीमॅक्स ४४५, म्हणजे ०.८५ यायला पाहिजे, तू लिहिलंस ०.५२. दोघांतला एक खोटं बोलायलाय. मग खोलीच्या समोर आरओ लॉग स्केलवर टाक. साधारण सरळ रेष यायला पाहिजे, वर जमिनीपाशी ०.२ च्या आसपास निघणारी. रेष मधेच तुटली तर फॉल्ट (खडक सरकलेली भेग) किंवा अनकन्फॉर्मिटी (मधले थर झिजून गेलेली जागा) असू शकते, एखाद्या जागी अचानक उसळली तर जवळ डाइक किंवा सिल (खडकात शिरून थिजलेला लाव्हा) आहे का बघ. आपण बसाल्टवर वाढलेली माणसं, किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तर ३३८ मीटर नुसता बसाल्टच, त्याच्याखाली जेमतेम आठेक मीटर गाळाचा खडक. तापलेल्या लाव्ह्याची आपल्याला सवय आहे, पण कोळशाला ती कशी भाजते ते झारखंडच्या झरियात जाऊन बघ, शिरलेल्या लाव्ह्याशेजारी कोळशाचा झामा (भाजून कडक झालेला कोळसा) झालेला असतो. तिथली आरओ खडक किती खोल गाडला गेला ही गोष्ट सांगत नाही, फक्त भाजल्याची सांगते.

मशीनचं थोडक्यात. ५४६ नॅनोमीटरचा उजेड, भिंगाखाली १.५१८ अपवर्तनांकाचं तेल, ठरलेल्या आकड्याचे दोन स्फटिक, स्पिनेल ०.४२ आणि याग ०.९०, दोन्हीवर कॅलिब्रेशन, आणि ते सकाळी एकदाच नाही, दर तासाभरानं, दिवा तापला की रीडिंग सरकतं. पायराइटला (चमकदार गंधकी खनिज) चिकटून असलेला दाणा सोड, त्याची चमक शेजारी सांडते. पॉलिशवर ओरखडे असले की आरओ पडते, तेव्हा परत घास, कंटाळा करू नको. मोजणाऱ्याकडं आयसीसीपीची (कोळसा आणि सेंद्रिय खडकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय समितीची) मान्यता आहे का ते पण विचार, राग येईल त्यांना, येऊ दे.

आत्ता थिसिसमध्ये काही टाकू नको. मड रिपोर्ट मागून घे, ७ आणि ९ नंबरच्या पेलेटचे फोटो काढ, ज्या ज्या दाण्यावर रीडिंग घेतलंय त्यावर बारीक क्रॉस करून पाठव. व्हॉट्सॲपवर नको, तिथं फोटो फाटतात, मेल कर. रविवारी मी परभणीलाच आहे, दुपारी चारनंतर फोन केलास तरी चालेल, तोवर झोप झालेली असते माझी.

— सर