घे, पण उघड घे

प्रिय मुला,

परवा शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून तू बुटाची नाडी तीनदा सोडलीस, तीनदा बांधलीस आणि काही न बोलता घरी गेलास. रात्री मात्र मोबाइलवर एवढं मोठं रामायण. पलीकडच्या पेठेच्या फुटबॉल संघानं बोलावलंय, हंगामाचे पैसे द्यायला तयार आहेत, फक्त ‘कुणाला सांगू नको’ म्हणालेत. आणि तळाला तुझा प्रश्न : काका, जाऊ का नको?

जायचं का नाही ते तुझं तू ठरव. तुझ्या पायात काय आहे हे तुला माहीत आहे, त्यावर मी शाई घालवत नाही. माझं भांडण त्या तीन शब्दांशी आहे. पैसे घे. पण उघड घे.

फर्गस सूटर हे नाव तू ऐकलं नसशील. ग्लासगोचा पाथरवट, पार्टिक क्लबकडून खेळायचा. १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, शहरातली बांधकामं बसली आणि त्याच सुमाराला हा गडी इंग्लंडात, लँकेशायरमधल्या डार्वेनला आला. कापड गिरण्यांचं गाव. इंग्रज तेव्हा चेंडू पायात घेऊन एकेकटे धावायचे. ही स्कॉटलंडची पोरं एकमेकांना पास द्यायची. १८७९ मध्ये एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेत, डार्वेनचा संघ लंडनला जाऊन ओल्ड इटोनियन्सशी, म्हणजे ईटन या बड्या घरच्या पोरांच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांशी भिडला. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा १-५ नं मागं होते, संपलं तेव्हा ५-५. जादा वेळ खेळायला इटोनियन्स तयार झाले नाहीत, म्हणजे सामना पुन्हा लंडनलाच. गिरणीतल्या माणसांनी परत लंडनचं भाडं आणायचं कुठनं? गावानं वर्गणी काढली.

ती वर्गणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमली, आणि सूटरचे पैसे मात्र लपूनछपून यायचे, कारण पैसे घेऊन खेळणं तेव्हा नियमात बसत नव्हतं. त्यानं काही दिवस छिन्नी-हातोडा चालवला, मग सोडून दिला. विचारलं तर सांगायचा, इथला दगड आमच्याकडच्यापेक्षा टणक, हात सुजतात. कितीतरी वर्षांनी त्यानंच सांगून टाकलं की ठरलेला पगार नव्हता. गरज लागली की खजिनदाराला गाठायचं. कधी तीन तीन महिने काही मागायचं नाही, मग एकदम दहा पौंड.

त्या सुजलेल्या हातांवर लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण तसली वाक्यं मी घरात बोललोय.

उद्यमनगरात लेथवर होतो. एका संघानं मला असंच बोलावलं, असंच सांगितलं. पाकीट टपरीमागं मिळायचं, मी ते किटबॅगेत शिनपॅडच्या खाली सारायचो आणि आईच्या हातात देताना म्हणायचो, ओव्हरटाइमचे आहेत. पेठेत कुजबूज सुरू झाली तेव्हा तालमीत मारुतीपुढं हात ठेवून सांगितलं, एक रुपया घेतला नाही. आमच्या गोलकीपरनं ते खरं धरलं. माझ्यासाठी तो चौकात दोघांशी हातघाईवर आला. त्याला कळलं तेव्हा तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. सायकलला टेकून उभा होता, निघून गेला. त्याच्या घरावरून मी अजून रोज जातो.

पैसे घेतले यात मी पाप मानत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, वडील घरी बसले होते; गुडघे माझे झिजत होते, मग तिकीट काढून आलेल्या माणसाच्या पैशात माझा वाटा का नसावा? आजही कुणाशीही यावर भांडायला उभा राहीन. पण त्याच हंगामात गुडघा गेला, उरलेले पैसे मागायला गेलो, तर म्हणाले, कसले पैसे? दाखवायला माझ्याकडं काय होतं? लपवून घेतलेल्या पैशाला तोंड नसतं रे.

म्हणून सांगतो, उघड घे.

सूटर १८८० मध्ये डार्वेन सोडून चार-पाच मैलांवरच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं गेला. पैसे खाऊन गेला, असं डार्वेनकर म्हणाले. तो नाही म्हणाला. पुढं दोन्ही गावं समोरासमोर आली तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले, सामना अर्धवट राहिला. तुझ्याकडं पेठा आहेत, त्यांच्याकडं गावं होती. रोव्हर्सबरोबर त्यानं १८८४, १८८५ आणि १८८६ असे लागोपाठ तीन कप जिंकले. पहिल्या दोन फायनल ग्लासगोच्याच क्वीन्स पार्कविरुद्ध. स्कॉटलंडची जर्सी मात्र त्याच्या अंगावर कधीच चढली नाही.

‘सगळेच असं करतात काका,’ असं तू लिहिलंयस. हे वाक्य परत लिहू नकोस. तिथंही सगळेच करत होते. १८८४ च्या जानेवारीत लँकेशायरच्याच प्रेस्टन क्लबविरुद्ध खेळाडूंना पैसे देतात अशी तक्रार झाली तेव्हा त्यांचा कारभारी विल्यम सडेल सरळ म्हणाला, हो, आम्ही पैसे देतो. प्रेस्टनला त्या वर्षीच्या कपातून काढलं. पण मग लँकेशायरचे क्लब वेगळे व्हायला निघाले आणि १८८५ च्या जुलैत एफएला नियम बदलावा लागला. सूटरनं तिसरा कप जिंकला तेव्हा पगार घेणं गुन्हा उरला नव्हता. त्या ‘हो’नं जे केलं ते इतक्या वर्षांच्या लपवाछपवीनं केलं नव्हतं. हाच सडेल १८९५ मध्ये गिरणीच्या हिशेबात अफरातफर केली म्हणून तुरुंगात गेला, तेव्हा मी त्याला देव्हाऱ्यात बसवत नाही. तो ‘हो’ तेवढा घेतो.

तुला तर कुठला नियमही आडवा येत नाही, मग लपतोस कशाला? पेठेतले चार लोक तोंड फिरवतील म्हणून? फिरवू देत. समोरून फिरवलेलं तोंड पुन्हा वळतं, मी पाहिलंय.

आधी तुझ्या कॅप्टनला सांग. फोनवर नको, घरी जाऊन सांग. मग आईला आकडा सांग, खरा. आणि रविवारी सकाळी माझ्याकडं ये. येताना त्यांनी लिहून दिलेला कागद घेऊन ये. दिला नसेल तर शनिवारी मागून घे.

तुझा,
काका