उत्तर: बेसलाइन हात राखून दिली असेल, तर ते आधी सांगून टाका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. गोलपोस्टवर डोकं आपटून अकरा दिवस झालेत, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, पण पानभर वाचलं की डोळ्यांमागे ठणकतं, ट्यूबलाइट सहन होत नाही. तरी संगणकावरची चाचणी ‘पूर्वीइतकीच’ आली म्हणून शनिवारी खेळायला बोलावलंय. यात नवीन काही नाही, आम्हा सगळ्यांचं असंच झालंय. मी अडकले ते तुमच्या शेवटच्या, कंसातल्या वाक्यापाशी: हंगामाआधीची चाचणी आम्ही सगळ्यांनीच जरा हात राखून दिली होती.

मीही तशीच दिली होती. मी फुटबॉलमध्ये बॅकला, म्हणजे बचावात खेळायचे. हंगामाच्या सुरुवातीला, सगळे धडधाकट असताना, ही चाचणी घेतात: शब्द लक्षात ठेवा, आकृती ओळखा, रंग बदलला की बटण दाबा. पुढे डोक्याला मार बसला तर तुलना करायला ती बेसलाइन. सीनियर मुलींचा सल्ला ठरलेला, ‘आत्ता सावकाश दे, म्हणजे नंतर बाहेर बसावं लागणार नाही.’ फारच गचाळ उत्तरं दिली तर चाचणी ते पकडते, म्हणून बेताबेताने वाईट द्यायची. आठवत असलेले तीन-चार शब्द मी गाळले आणि बटण जरा थांबून दाबलं. बाहेर येऊन आम्ही हसलोसुद्धा.

चार महिन्यांनी हेडर घेताना, म्हणजे चेंडू डोक्याने मारताना, समोरचीचं कपाळ माझ्या कानशिलावर बसलं. शुद्ध गेली नाही. बहुतेक कंकशनमध्ये (मार बसून मेंदूला बसलेल्या धक्क्यात) ती जात नाहीच, आणि लोक फसतात ते तिथेच. पुढची दहा मिनिटं मी खेळले म्हणे. मला त्यातलं एक मिनिट आठवत नाही.

सहाव्या दिवशी तीच चाचणी झाली. निकाल बेसलाइनशी तंतोतंत जुळला. जुळणारच, कारण दुखावलेल्या मेंदूने जिवापाड केलेले प्रयत्न आणि धडधाकट मेंदूने केलेली कामचुकारी एकाच आकड्यावर येऊन ठेपली होती. खेळाडूंना फिट ठरवणारा जो विभाग होता (नाव घेत नाही), तिथल्या माणसाने दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले. ‘काही त्रास?’ मी म्हटलं, ‘नाही.’ शिक्का बसला. तोल पाहिला नाही, डोळ्यांची हालचाल पाहिली नाही, मानेला हात लावला नाही. चार मिनिटांत मी बाहेर.

नवव्या दिवशी मैदानात एकीचं कोपर लागलं. एरवी लक्षातही आलं नसतं इतकं साधं. त्यानंतरचे आठ महिने मात्र गेले ते गेलेच. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायचे. दुकानात फळ्यांवर ओळीने लावलेल्या वस्तूंकडे बघत चाललं की गरगरायचं. मधे एकदा त्या विभागात जाऊन कबूल केलं की माझी बेसलाइन खोटी होती, नोंद दुरुस्त करा. उत्तर आलं, नोंदीत बदल करता येत नाही. लेखी मागितलं. तीन पत्रांनंतर एक ओळ आली: प्रमाणपत्र आपण स्वतः दिलेल्या माहितीवरून दिले होते. मला अजून राग येतो तो त्या ओळीचा, कारण ती खरी आहे.

असो. मी डॉक्टर नाही, आणि मला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. पण शनिवारी उतरू नका. हे मी ‘माझ्या मते’ वगैरे न लावता लिहितेय. पहिला मार निवळला नसताना दुसरा बसला तर बरं व्हायला लागणारा काळ लांबतो, आणि क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला अचानक सूज येऊन जिवावर बेततं.

सीटी नॉर्मल आलं याचा अर्थ रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. तेवढाच. कंकशनमध्ये पेशींचे तंतू ताणले जातात, क्षारांचा तोल बिघडतो, मेंदूची ऊर्जेची गरज वाढते आणि पुरवठा मागे पडतो. हे त्या फोटोत येत नाही. आणि कुठलीही एक चाचणी एकदा पास होणं हाही काही दाखला नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला आर्चरचा चेंडू मानेवर लागला. त्याने चाचण्या पार केल्या, परत येऊन 92 पर्यंत खेळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लक्षणं जाणवू लागली. लाबुशेन बदली म्हणून आला, कंकशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू घ्यायचा तो नियम त्याच महिन्याच्या 1 तारखेला लागू झाला होता. पुढची कसोटीही स्मिथ खेळला नाही. हाताशी डॉक्टरांचा ताफा असताना ही गत, तर आपलं काय?

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो जुना झाला. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती घ्यायची, स्क्रीन कमी ठेवायची, मग चालणं, सायकल असा हलका व्यायाम. आता मानतात ते असं: व्यायामाने त्रास दहाच्या मापावर दोन अंकांपेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाभरात उतरला, तर चालेल. खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान 24 तास. धक्काबुक्कीचा धोका असलेल्या सरावाआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांचा होकार हवा. मी पहिल्या पायरीवरून थेट सहावीवर, म्हणजे सामन्यावर, उडी मारली होती.

थोडं विषयांतर. डोक्याला बांधायची ती मऊ पट्टी घेऊ नका असं नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. कवटीच्या आत मेंदू हलतो तो कुठल्याही पट्टीने थांबत नाही. तपासणीआधी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तसं सांगा. आणि घरातलं कुणीतरी सोबत न्या. आपण चिडचिडे झालोय हे आपल्याला सोडून सगळ्यांना दिसत असतं.

बेसलाइनचं तोंडावर सांगायला जड जात असेल तर आज दोन ओळींचा ईमेल टाका: हंगामाआधीची चाचणी मी पूर्ण प्रयत्नाने दिली नव्हती, त्यामुळे तिच्याशी तुलना ग्राह्य धरू नये, सध्या मला ही लक्षणं आहेत. टीममधल्या बाकीच्यांची नावं लिहू नका, त्यांचं ते बघतील. ईमेल गेला की त्याची तारीख राहते, माझ्याकडे तेवढीही नव्हती.

एक विचारायचं राहिलं. आपटलात तेव्हा मान दुखली होती का, आणि मान वळवली की गरगरतं का? तसं असेल तर फिजिओला मानेची आणि तोलाची वेगळी तपासणी करायला सांगा. माझं निम्मं गरगरणं मानेतून येत होतं, हे सातव्या महिन्यात कळलं.