बाबांचं हाड आणि दीड लाखाचं इंजेक्शन

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे बाबा (वय ५८) बाईकवरून पडले आणि नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकून ऑपरेशन झालं त्याला ७ महिने झाले पण एक्स-रेत फट अजून दिसतेच, काठी काही सुटत नाही. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, बिडी पूर्वीपेक्षा कमी केलीय. आता एका क्लिनिकवाल्यांनी सांगितलंय की स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, दीड लाख रुपये, महिन्याभरात हाड जुळेल, स्वतःच्याच पेशी असतात त्यामुळे साइड इफेक्ट शून्य. मामा म्हणतात घेऊन टाका, आई घाबरलीय. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी ते 'कमी केलीय' जरा बघू. माझ्या ओपीडीत सगळ्यांनीच कमी केलेली असते आणि तपासायला वाकलो की शर्टाच्या खिशातून बंडल डोकावतं. नडगीवर हात फिरवून बघा, पुढच्या बाजूला कातडी आणि लगेच हाड, मध्ये मांस नाहीच. म्हणजे या हाडाला रक्त मुळातच बेताचं मिळतं आणि निकोटिन त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं नडगीचं हाड उशिरा जुळतं हे आता वादाचं राहिलेलं नाही, त्यामुळे दीड लाखाच्या आधी हा फुकटचा इलाज पूर्ण करा. 'दिवसातून दोनच' हे बंद केल्यात धरू नका.

आता इंजेक्शन. त्या क्लिनिकला पहिला प्रश्न हा विचारायचा की सिरिंजमध्ये नेमकं आहे काय. कारण स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, या एका पाटीखाली बाजारात वेगवेगळा माल विकला जातो. दंडातून रक्त काढून मशीनमध्ये गरगर फिरवून वरचा पिवळसर भाग टोचला तर ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्ताचा भाग, त्याला स्टेम सेल म्हणणं म्हणजे ताकाला बासुंदी म्हणण्यासारखं आहे. कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज (बोन मॅरो) ओढला, तो लाल दाट माल फिरवून घट्ट केला आणि फटीत सोडला तर ते बोन मॅरो कॉन्सन्ट्रेट. त्यात स्टेम सेल असतात पण दहा हजारात एखादी, कधी तेवढीही नाही.

तरी ही दुसरी गोष्ट अगदीच हवेतली नाही. फ्रान्समधले सर्जन फिलिप एर्निगू यांनी २००५ मध्ये बाबांसारख्याच न जुळलेल्या नडगीच्या ६० पेशंटचा अनुभव छापला, प्रत्येकाच्या कमरेतून सरासरी ३०० सीसी मगज काढून, घट्ट करून त्यातला २० सीसी फटीत सोडला होता आणि ५३ जणांचं हाड जुळलं. चांगलाच आकडा आहे, पण तुलनेला इंजेक्शन न दिलेला गट नव्हता. आणि मला त्यातली जास्त इंटरेस्टिंग गोष्ट ही वाटते की उरलेल्या ७ जणांना मिळालेल्या मगजात कामाच्या पेशीच कमी होत्या. म्हणजे सगळा खेळ पेशी किती यावर आहे, आणि तुमच्या क्लिनिकमध्ये पेशी मोजतात का? विचारून बघा, बहुतेक वेळा समोरचा माणूस ब्रोशर पुढे सरकवतो.

या पेशी जाऊन स्वतः हाड बनतात असंही सरसकट समजू नका. अर्नॉल्ड कॅप्लन, ज्यांनी १९९१ मध्ये मगजातल्या अशाच पेशींना मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं, त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की नाव बदला, या पेशी मुख्यतः आजूबाजूच्या पेशींना सिग्नल देतात. बारसं करणाऱ्यानंच नाव मागे घ्यायला निघावं!

'साइड इफेक्ट शून्य' हे तर डोक्यातून काढाच. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, आणि तिघींची नजर बहुतांशी गेली. २०१७ मध्ये हे मेडिकल जर्नलमध्ये आलंय. पायात टोचल्यावर डोळे जाणार नाहीत, पण जिथे रॉड आहे तिथे जंतू शिरले आणि वर शुगर असली तर पुढची दोन वर्षं त्यातच जातात.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या गाइडलाइन्स म्हणतात की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायच्या, नंतर एकदोन तयार उत्पादनांना औषध म्हणून परवानगी मिळालीय तेवढीच. त्यामुळे क्लिनिकवाले 'आमची ट्रायल चालू आहे' म्हणाले तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल नोंदवायच्या सरकारी रजिस्टरचा, रजिस्ट्रेशन नंबर मागा, आणि ट्रायलच्या इंजेक्शनचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात हेही मामांना सांगा.

करायचं काय मग? ७ महिन्यांत हाड 'जुळणारच नाही' असा शिक्का सहसा मारत नाहीत, त्याला साधारण ९ महिने आणि शेवटच्या ३ महिन्यांत काहीच प्रगती नाही असं लागतं. तर मागचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच जा. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करून आत इन्फेक्शन नाही ना बघा, तीन महिन्यांची शुगर आणि व्हिटॅमिन डी तपासा. कधी रॉडचा एखादा स्क्रू काढून हाडावर वजन येऊ दिलं की काम होतं, नाहीतर रॉड बदलतात किंवा कमरेचं हाड काढून फटीत भरतात, याला बोन ग्राफ्ट म्हणतात. जुनी पद्धत आहे, दुखते, पण त्यात जिवंत पेशीही जातात आणि हाडाला आधारही मिळतो.

प्रश्न : सासूबाईंचा गुडघा बदललाय. लवकर बरं वाटावं म्हणून सलाइनमधून स्टेम सेल द्यायच्या का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांशी आधी फुप्फुसात अडकतात, गुडघ्यापर्यंत पोचायला त्यांना कुणी पत्ता दिलेला नसतो. शिवाय आता तिथे धातू आणि प्लास्टिक आहे, कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, वाढवायची कुठे? २०२२ मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळालेलं स्टेम सेलचं इंजेक्शन झिजलेल्या पण स्वतःच्या गुडघ्यासाठी आहे, त्यांच्यासाठी ती गाडी सुटली. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम दिवसातून तीनचारदा करून घ्या, आणि त्या ओरडल्या तरी गुडघ्याखाली उशी ठेवू देऊ नका.