आधी नोंदी चाळ, मग रेषा ओढ

झाडाझुडपांच्या जाती कुठे सापडल्या त्या नोंदींवरून वनस्पती-प्रदेशांच्या सीमा आखायची घाई नको. माझ्या पहिल्या नकाशात एक झुडूप भर समुद्रात उगवलं होतं: अक्षांश शून्य, रेखांश शून्य! रिकाम्या रकान्यांत शून्य भरले गेले होते, बाकी काही नाही. लावलेली झाडंही काढून टाक. निलगिरी जगभर दिसते, पण तिचं मूळ घर ऑस्ट्रेलिया आणि आसपासची बेटं.

मग नकाशावर चौकोनी जाळी टाकून दोन चौकोनांतल्या जाती किती वेगळ्या, याची सिम्पसनच्या निर्देशांकाने (वेगळेपणा मोजायच्या सूत्राने) तुलना कर. सोरेन्सनचा वापरलास तर निव्वळ जातींची संख्या कमी-जास्त असल्यानेही चौकोन वेगळे भासतात. सारख्या चौकोनांचे गट पडले की झुडपं वगळून तीच तुलना पुन्हा चालवून बघ. कोरड्या, झाडं विरळ असलेल्या पट्ट्यात सीमा सरकली तर दचकू नकोस. आणि हो, रेषा ठळक नको, तिथे बहुधा संक्रमणपट्टाच असतो, म्हणजे दोन्हीकडच्या जाती मिसळलेला भाग.